हस्तलिखित नगरहून निघते तेव्हा

अकोले, संगमनेर, श्रीरामपूर या भागात लिहिणारे पुष्कळ आहेत आणि कपाटात पडून राहिलेली हस्तलिखितेही पुष्कळ. ‘प्रकाशक गाठायचा कसा?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. इंग्रजीत त्यासाठी एजंट असतो. तो हस्तलिखित वाचतो, प्रकाशकाकडे नेतो, करार ठरवतो आणि लेखकाच्या उत्पन्नातून साधारण पंधरा टक्के घेतो. जयपूरच्या ‘सियाही’सारख्या संस्था आपल्या देशातही हे काम करतात, पण मुख्यतः इंग्रजी पुस्तकांसाठी. मराठीत हा धंदा रुजला नाही, कारण पाचशे-हजार प्रतींच्या रॉयल्टीत तिसऱ्याचे भागत नाही.

मग नगरची पुस्तके बाहेर पडली कशी? नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ साली इथल्या किल्ल्यात लिहिले आणि १९४६ मध्ये कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने ते काढले. पण त्यांच्या आत्मचरित्राला तोवर जगभर वाचक मिळालेला होता. ती वाट नवख्याची नव्हे.

आपल्या कामाचे उदाहरण अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे आहे. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांतले जगणे कसलीही सफाई न करता सांगणारे ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केले. दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी सत्तरच्या दशकात उभारलेली ती वाचक चळवळ होती. नव्या अनुभवाचे पुस्तक स्वस्तात वाचकाच्या दारी न्यायचे, ही तिची धडपड. मोठ्या नावाच्या प्रकाशनगृहापेक्षा अशा मजकुराची भूक असलेले घर मिळणे मला अधिक मोलाचे वाटते. ‘बलुतं’पाठोपाठ दलित आत्मकथनांचा ओघच सुरू झाला.

पुढे प्रकाशकच जिल्ह्यात आला. सुमती लांडे यांनी श्रीरामपूरला ‘शब्दालय’ उभे केले आणि संगमनेरला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही प्रचंड कादंबरी २०१९ मध्ये तिथूनच आली. साहित्य अकादमी पुरस्काराचा मानकरी तालुक्याच्या गावातल्या प्रकाशनाकडे पुस्तक देतो, यात पुण्या-मुंबईच्या वाऱ्या करणाऱ्यांसाठी उत्तर आहे.

हस्तलिखित पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची चार पुस्तके वाचावीत. एक प्रकरण दिवाळी अंकाला द्यावे. आपल्याकडे संपादक तिथेच लेखक हेरतात. प्रकाशकाला पाठवताना एक पानी गोषवारा, दोन प्रकरणे आणि छोटे पत्र पुरते. ‘साभार परत’ आले तर दुसरीकडे पाठवावे. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे.

मला खरी चिंता आहे ती लेखकाकडूनच पैसे घेऊन छापणाऱ्यांची. निवृत्त शिक्षकाची पुंजी त्यात जाते आणि प्रतींचे गठ्ठे घरीच राहतात. पैसे देऊन छापणे हा गुन्हा नाही, पण वितरण कोण करणार हे लेखी हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम १९ तरी प्रत्येकाने वाचावे. करारात मुदत नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असे धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरतेच. करारात वेगळे काही ठरले नसेल आणि प्रकाशकाने वर्षभरात हक्क वापरला नाही, तर तो लेखकाकडे परत येतो. लिहिणाऱ्यांनो, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.