कालवांच्या पोटात काय साठते?

ओहोटी लागली की कोयती व टोपली घेऊन खाडीत उतरणाऱ्या माताभगिनी हे आपल्या किनारपट्टीवरील नित्याचे दृश्य होय. खडकावरची कालवे काढावी, चिखलातील तिसऱ्या वेचाव्या आणि घरी येताच त्या चुलीवर चढवाव्या. जिन्नस इतका ताजा असता त्यात दोष कसला, असे आपण सहज म्हणतो. परंतु ताजे ते शुद्धच असते असे नाही.

मासा अन्नासाठी हिंडतो. कालव एके जागी चिकटून असते. पाणी आत ओढावे, त्यातील सूक्ष्म कण कल्ल्यांनी गाळून घ्यावे व पाणी बाहेर सोडावे, हीच त्याची जेवणाची रीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक मोठे कालव अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे 190 लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. खाडीत शौचाचे पाणी मिसळत असेल, तर माणसाच्या आतड्यातील जंतूही या गाळणीत अडकतात, आणि पाण्यात विरळ असलेले जंतू शिंपल्याच्या मांसात दाट होतात. कालव त्याने मरत नाही. त्याला वास येत नाही, चवही बदलत नाही.

गोव्यात दोना पावला येथे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांना मांडवी व जुवारी या नद्यांच्या पाण्यात मैलाचे निदर्शक असे कोलिफॉर्म जंतू तर आढळलेच, शिवाय साल्मोनेला व शिगेला यांसारखे रोगकारक जंतूही आढळले. पहिल्यापासून विषमज्वर, दुसऱ्यापासून रक्ती आव होऊ शकते. पावसाळ्यात रस्त्यांची व गटारांची घाण वाहून येते, पाणी गढूळ होते आणि जंतूंचा नाश करणारे ऊन खोलवर पोचत नाही. तेव्हा धोका अधिक.

हा धोका श्रीमंतांच्या ताटातही उतरला आहे. 10 नोव्हेंबर 1902 रोजी इंग्लंडमध्ये विंचेस्टर व साउथॅम्प्टन या दोन शहरांत नगराध्यक्षांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हीकडे एम्सवर्थ गावची कालवे वाढली होती. पुष्कळ पाहुणे आजारी पडले. विंचेस्टरच्या अँग्लिकन कॅथीड्रलचे डीन विल्यम स्टीफन्स विषमज्वराने वारले. एम्सवर्थची गटारे कालवांच्या जागीच सुटत होती. कालवांचा धंदा बसला. तेव्हा फॉस्टर नावाच्या व्यापाऱ्याने गटारे सोडणाऱ्या स्थानिक मंडळावर दावा लावला आणि 1906 साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बोट दाखवले जाते ते टोपली घेऊन बसलेल्या बाईकडे; वास्तविक तिची उपजीविका बुडवतो तो खाडीत सोडलेला नळ. आपल्या गावच्या संडासांच्या टाक्या कोठे उपसल्या जातात, टँकर कोठे रिकामा होतो, हे ग्रामसभेत विचारण्याचा पहिला अधिकार तिचाच आहे.

तोवर स्वयंपाकघरात काय करावे? शिंपले मिठाच्या पाण्यात ठेवल्याने वाळू सुटते, जंतूंचा भरवसा नाही. बर्फाने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी मंदावते. लिंबू पिळल्याने तर काहीच साधत नाही. आणि शिंपला उघडला म्हणजे शिजला, ही समजूत घातक आहे. 1988 साली शांघाय शहरात उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवलेले शिंपले खाऊन सुमारे 3 लाख माणसांना कावीळ झाली. तो आजार जंतूचा नसून विषाणूचा, पण त्याची वाट हीच: माणसाच्या पोटातून पाण्यात, पाण्यातून शिंपल्यात.

म्हणून तोंड उघडल्यावरही शिंपले आणखी काही मिनिटे खळखळ उकळू द्यावे. शिजवण्यापूर्वीच तोंड वासून पडलेला आणि टिचकी मारूनही न मिटणारा शिंपला टाकून द्यावा. कच्चे शिंपले ज्या विळीवर फोडले, ती साबणाने धुतल्यावाचून तिच्यावर कोशिंबिरीचा कांदा चिरू नये.