फिल्मवर लग्नाचे छायाचित्रण: एक्स्पोजरचे गणित

फिल्म कॅमेऱ्याने लग्नाचे फोटो काढणारा छायाचित्रकार निर्णय कसे घेतो, ते चेन्नईतील तमिळ लग्नाच्या उदाहरणाने पाहू.

आपल्याकडे मंगलाष्टके संपताच अंतरपाट दूर होतो. तिकडे वर वधूच्या गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधतो तेव्हा नादस्वरम व तविल एकदम जोरात वाजतात. याला 'गेट्टी मेळम' म्हणतात. हा प्रसंग काही क्षणांचा असतो आणि पुन्हा घडत नाही.

१. रोल: ३५ मिमी रोलमध्ये साधारण ३६ फोटो येतात. ३० झाले असतील, तर उरलेले ६ सोडून रोल आधीच बदलावा.

२. एक्स्पोजर: कलर निगेटिव्ह जादा प्रकाश बराच सहन करते. प्रकाश कमी पडला, तर सावलीतला तपशील उमटतच नाही. म्हणून अनेकजण ४०० आयएसओची फिल्म २०० ची समजून वापरतात. त्यामुळे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश मिळतो.

३. फ्लॅश: समजा, आयएसओ १०० ला गाइड नंबर ३२ मीटर आहे. आयएसओ २०० साठी तो ३२ × √२ ≈ ४५. अंतर ४ मीटर असल्यास ४५ ÷ ४ ≈ ११, म्हणून अ‍ॅपर्चर एफ/११.

फोटो कसा आला, हे फिल्म धुतल्यावरच कळते. म्हणून पूल बांधताना ठेवतो तसा सुरक्षा गुणांक इथेही आधीच ठेवावा लागतो. सोडलेले ६ फोटो आणि जादा स्टॉप हाच तो गुणांक.

सराव: अंतर २.८ मीटर असल्यास अ‍ॅपर्चर किती? (उत्तर: एफ/१६)