संगणकीय तक्त्यातील सूत्रांची नक्कल : काय सरकावे, काय स्थिर राहावे

हिमायतनगर हे नाव दोन ठिकाणी आढळते. एक हैदराबाद शहरातील वस्ती, तर दुसरे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दोन्ही हैदराबाद राज्यात होती. आज एक तेलंगणात व दुसरे महाराष्ट्रात आहे. माणसास हा भेद सहज उमगतो. संगणकास तो सांगावा लागतो.

समजा, दोन्ही राज्यांतील मराठी शाळांना पुस्तके पाठवावयाची आहेत. ‘यादी’ या मूळ तक्त्यात पाच रकाने आहेत : ‘ए’मध्ये शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, ‘बी’मध्ये शाळेचे नाव, ‘सी’मध्ये गाव, ‘डी’मध्ये विद्यार्थिसंख्या व ‘ई’मध्ये पुस्तकसंच. नव्या तक्त्यात निवडक शाळांचे क्रमांक ‘ए’ रकान्यात लिहून उर्वरित माहिती यादीतून आणावयाची आहे. त्यासाठी ‘बी२’ या सेलमध्ये पुढील सूत्र लिहितात. (प्रत्यक्षात ते रोमन लिपीत टंकित करावे.)

=व्हीलुकअप(ए२, यादी!ए२:ई५००, २, फॉल्स)

अर्थ असा : ‘ए२’मधील क्रमांक यादीच्या पहिल्या रकान्यात शोधावा व त्याच ओळीतील दुसऱ्या रकान्याची माहिती आणावी. ‘फॉल्स’ म्हणजे तंतोतंत जुळणी हवी.

हेच सूत्र उजवीकडे उतरविले की घोटाळा सुरू होतो. ‘सी’ रकान्यात शोध क्रमांकाचा न राहता शाळेच्या नावाचा होतो, ‘डी’ रकान्यात गावाच्या नावाचा. त्यामुळे हैदराबादच्या हिमायतनगरातील शाळेपुढे यादीत आधी आलेल्या नांदेडकडील हिमायतनगरच्या शाळेची विद्यार्थिसंख्या येऊन बसते. ‘ई’ रकान्यात तर त्या चुकीच्या संख्येवरून पुस्तकसंच शोधले जातात. संगणक चूक दाखवीत नाही. तक्ता नीटनेटका दिसतो आणि एका शाळेची मुले पुस्तकांवाचून राहतात.

कारण साधे आहे. नक्कल करताना सेलचे पत्ते नव्या जागेप्रमाणे सरकतात, परंतु सूत्रात हाताने लिहिलेला ‘२’ हा अंक सरकत नाही. म्हणजे जे स्थिर राहावयास हवे ते सरकते आणि जे सरकावयास हवे ते स्थिर राहते. हा प्रश्न जुनाच आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेल्या व्हिसिकॅल्कमध्येही नक्कल करताना प्रत्येक पत्ता बदलावा की तसाच ठेवावा, हे विचारले जाई. पुढे त्यासाठी $ हे चिन्ह रूढ झाले. $ ज्याच्या आधी असेल, तो रकाना वा ती ओळ स्थिर राहते.

सुधारलेले सूत्र असे :

=व्हीलुकअप($ए२, यादी!$ए$२:$ई$५००, कॉलम(बी१), फॉल्स)

‘$ए२’मध्ये रकाना स्थिर असून ओळ मोकळी आहे, म्हणून सूत्र खाली उतरविल्यास पुढील शाळेचा क्रमांक घेतला जातो. यादीची व्याप्ती दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे. ‘कॉलम(बी१)’ची किंमत २ असते, उजवीकडे ती आपोआप ३, ४, ५ होते. पत्त्यावर असताना ‘एफ४’ ही कळ दाबल्यास $ चिन्ह उमटते.

मूळ यादीत मध्येच नवा रकाना घातला गेल्यास मात्र ही मोजणी चुकते. त्यासाठी ‘कॉलम(बी१)’ऐवजी

मॅच(बी$१, यादी!$ए$१:$ई$१, ०)

असे लिहावे. मग रकाना त्याच्या शीर्षकावरून शोधला जातो. मात्र दोन्ही तक्त्यांतील शीर्षके अक्षरशः सारखी हवीत. व्याप्ती यादीच्या नव्या शेवटच्या रकान्यापर्यंत आहे, हेही पाहावे.

शोध नेहमी क्रमांकावरूनच करावा. महाराष्ट्रातील शाळांचा यू-डायस क्रमांक २७ ने व तेलंगणातील ३६ ने सुरू होतो. त्यामुळे दोन हिमायतनगरांची गल्लत होत नाही. सूत्र उतरविल्यावर पहिली, मधली व शेवटची अशा तीन ओळी मूळ यादीशी हाताने ताडून पाहाव्यात आणि मगच तक्ता पुढे पाठवावा.