एकाच गाठीची अनेक बारशी

चेन्नईच्या अड्यारमधली कॅन्सर इन्स्टिट्यूट १८ जून १९५४ रोजी सुरू झाली, तेव्हा तिथे जेमतेम १२ खाटा होत्या. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींनी उभी केलेली ही संस्था. पुढच्याच वर्षी डॉ. व्ही. शांता तिथे रुजू झाल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत तिथल्याच राहिल्या. या साडेसहा दशकांत कर्करोगाचे उपचार पार बदलले, पण स्तनाच्या कर्करोगाला स्तनाचा कर्करोगच म्हटलं गेलं. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचं, म्हणजे संप्रेरकं स्रवणाऱ्या पेशींतून वाढणाऱ्या गाठीचं, तसं झालं नाही. त्या एका गाठीची या काळात चार-पाच वेळा तरी बारशी झाली, आणि दर बारशाला रुग्णाचं भवितव्य नव्यानं सांगितलं गेलं.

१९५४ मध्ये तिचं नाव होतं कार्सिनॉइड. म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये ते दिलं होतं. लहान आतड्यातल्या या छोट्या, सावकाश वाढणाऱ्या गाठी कर्करोगासारख्या दिसतात, पण तशा वागत नाहीत, असं त्यांचं निरीक्षण होतं. १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच ते मत सुधारलं आणि यांतल्या काही गाठी पसरतात, असं लिहिलं. नाव मात्र तोवर रुळलं होतं, आणि ‘ही गाठ सौम्य’ हा समजही. तो समज पुढे कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या मनातून गेला नाही.

गाठींची पहिली शिस्तशीर मांडणी झाली १९६३ मध्ये. गाठ असलेला अवयव गर्भातल्या आतड्याच्या कोणत्या भागातून घडतो, यावरून विल्यम्स आणि सँडलर यांनी तीन गट पाडले. फुप्फुस, जठर, स्वादुपिंड हा पुढचा गट. लहान आतडं, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग हा मधला. मोठ्या आतड्याचा उरलेला भाग आणि गुदाशय हा मागचा. मधल्या गटातल्या गाठींतून सिरोटोनिन स्रवतं, त्यामुळे चेहरा लाल होणं, जुलाब ही लक्षणं तिथे जास्त दिसतात, हे या मांडणीतून नीट उलगडलं. पण गाठ कुठली, हे कळून ती किती वेगानं वाढणार हे कळत नव्हतं, आणि रुग्णाला तर नेमकं तेच हवं असतं.

भारतात लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणीही त्याच १९६३ सालची, मुंबईची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा अशा नोंदणीसाठी मुंबई, बंगळुरू आणि मद्रास ही सुरुवातीची तीन शहरं होती. मद्रासचं काम अड्यारच्या संस्थेकडे आलं. अशा नोंदणीत प्रत्येक गाठीला सांकेतिक क्रमांक मिळतो आणि ती सौम्य, अनिश्चित की घातक हे शेवटचा आकडा सांगतो. २००० च्या संकेतावलीत अपेंडिक्सच्या कार्सिनॉइडला १, म्हणजे अनिश्चित, आणि बाकीच्या कार्सिनॉइडना ३, म्हणजे घातक, असा आकडा होता. २०११ च्या दुरुस्तीत अपेंडिक्सलाही ३ मिळाला. नोंदणी सहसा ३ आकड्याच्याच गाठी मोजते. म्हणजे गाठ तीच, रुग्ण तेच, तरी कागदावरची संख्या वाढणार! अमेरिकेत या गाठींचं वार्षिक प्रमाण १९७३ मध्ये लाखामागे १.०९ होतं, ते २०१२ मध्ये ६.९८ झालं. त्यातला बराचसा भाग एंडोस्कोपी, सीटी स्कॅन आणि सुधारलेल्या वर्गीकरणाचा. ‘रोग सहापट वाढला’ अशी बातमी वाचताना हे कोण लक्षात घेतं?

खरा मोहरा फिरला केआय-६७ मुळे. पेशी विभाजनाच्या तयारीत असली की हे प्रथिन तिच्या केंद्रकात दिसतं. ते ओळखणारं प्रतिपिंड १९८३ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात सापडलं. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००६-०७ मध्ये त्यावर श्रेणी बेतल्या आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या स्वीकारल्या: हे प्रथिन २ टक्क्यांपर्यंत पेशींत दिसलं तर जी १, ३ ते २० जी २, त्यावर जी ३. मग अडीच टक्के आले तर? या साध्या प्रश्नाला संघटनेच्या वर्गीकरणाच्या पुस्तकात जागाच नव्हती. २०१७ मध्ये ‘३ पेक्षा कमी’ असं लिहून ती फट बुजवली. श्रेणी ठरवताना पेशींची विभाजनंही मोजतात, आणि ती मोजण्याचा घोळ याहून जुना. ती ‘दहा हाय पॉवर फील्ड’मध्ये मोजायची, आणि प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचं फील्ड वेगळ्या आकाराचं. आता दोन चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. हे शहाणपण इतक्या उशिरा का सुचलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पण २०१७ चा मोठा बदल जी ३ चा होता. तोवर २० टक्क्यांवरचं सगळं कार्सिनोमा, म्हणजे आक्रमक कर्करोग. २०१३ मध्ये नॉर्डिक देशांतल्या ३०५ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की केआय-६७ जिथे ५५ टक्क्यांखाली होतं, तिथे प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीला १५ टक्केच रुग्णांनी प्रतिसाद दिला. त्यावरच्या रुग्णांत ४२ टक्क्यांनी. म्हणजे एका कप्प्यात दोन वेगळे रोग कोंबले होते. मग पेशींची ठेवण सुबक पण वाढ जलद, अशा गाठींना नेट (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर) जी ३ म्हटलं गेलं आणि खरा आक्रमक कार्सिनोमा वेगळा काढला. आधी फक्त स्वादुपिंडासाठी, २०१९ पासून साऱ्या पचनमार्गासाठी. फुप्फुसतज्ज्ञ मात्र बधले नाहीत. २०२१ च्या पुस्तकातही तिथे टिपिकल आणि अटिपिकल कार्सिनॉइडच आहेत.

सर्वसामान्यांच्या कानावर न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हा शब्द मार्च २०१८ मध्ये पडला, अभिनेते इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला तेव्हा. त्याच्या आसपास उपचारही बदलत होते. गाठीवरच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरना चिकटणाऱ्या रेणूला जोडून दिलं जाणारं किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत बनतं. ते कुणाला द्यायचं, हे ठरवताना स्कॅनबरोबर श्रेणीही पाहतात.

चेन्नईच्या रुग्णालयांत बंगाल, ईशान्य भारत आणि बांगलादेशातूनही रुग्ण जुन्या फाइली घेऊन येतात. २०१२ च्या फाइलीत नुसतं ‘जी ३’ लिहिलेलं असेल, तर ती गाठ आजची नेट जी ३ की कार्सिनोमा, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. गाठीचा तुकडा जपून ठेवलेला पॅराफिनचा ब्लॉक मागवून नव्यानं स्लाइड काढावी लागते.