विंचू, साप आणि डॉक्टरांचे शिक्षण



पावसाळा लागला की चिकोडी-निपाणी भागात आरोग्य केंद्राच्या पायरीवर एक तक्रार हमखास कानी येते. "डॉक्टर न्हाईत, ट्रेनिंगला गेल्यात." मागोमाग दुसरा म्हणतो, "डॉक्टर झाल्यावर आणि कसलं ट्रेनिंग?" मिस्सेनंतर हाच प्रश्न आमच्याकडेही येतो. शेतकऱ्याने तो विचारावा याचे मात्र आम्हास नवल वाटते. आपल्या वडिलांनी को ७४० ऊस लावला, आपण को ८६०३२ लावतो. वाण बदलले, खताचा हिशेब बदलला, कीड बदलली. त्याबरोबर आपणही शिकत गेलो. मग चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर आपल्या मुलाचा जीव सोपवावा, असे कोणास वाटेल?

या बाबतीत कोकणातील एका डॉक्टरांची हकीकत सांगण्याजोगी आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत, आणि त्यांत मुले फार. आपल्याकडे विंचू चावला म्हणजे रात्रभर कळा सोसायच्या, फार तर मंत्र घालून घ्यायचा, एवढेच ठाऊक. लाल विंचवाची गोष्ट निराळी. त्याचे विष अंगात भिनले की दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते आणि रोगी तोंडातून फेस टाकीत जातो. हे का होते याचा उलगडा पाठ्यपुस्तकांत नीटसा नव्हता. जी औषधे चालू होती त्यांचा गुण येत नसे.

बावस्कर रोग्याच्या उशाशी बसून राहिले. कोणत्या घटकेला काय होते ते टिपून ठेवले. धोक्याची पहिली चिन्हे कोणती, हे त्यांनी १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात मांडले. पुढे प्राझोसिन नावाची गोळी त्यांनी वापरून पाहिली. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. १९८६ साली तिचे निष्कर्ष त्याच साप्ताहिकात आले. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. या उपचाराने ते प्रमाण दोन-तीनवर किंवा त्याहून खाली आले. २०११ साली प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिली तर रोगी आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनी दाखविले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

(ही गोळी घरात आणून ठेवू नये. ती घेतल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती द्यावयाची असते.)

आता मुद्द्याची गोष्ट. औषध सापडले म्हणजे रोगी वाचला असे होत नाही. लंडनचे साप्ताहिक आडगावच्या डॉक्टरांच्या टेबलावर येत नाही. ज्या डॉक्टरांनी व ज्या सिस्टरनी या गोळीचे नाव ऐकलेले नाही, त्यांच्या हाती तो रोगी पूर्वीसारखाच जाणार. औषधाच्या कपाटापासून रोग्याच्या खाटेपर्यंतची ती दहा पावले शिक्षणानेच ओलांडता येतात. डॉक्टरांची सभा, व्याख्यान, दोन दिवसांचे शिबिर हे सारे त्यासाठीच असते. महाराष्ट्रात डॉक्टरला आपली नोंदणी चालू ठेवण्यास पाच वर्षांत अशा शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. आमच्या मते नियम चांगला आहे. पण केवळ सही करून प्रमाणपत्र घरी नेणारे कोठे नसतात?

आपल्या भागात विंचवाहून मोठी भीती सापाची. पान लागले की घर हादरते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने मेली. पुढच्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळाचा आकडा सुमारे १२ लाख निघाला. यांत बहुतेक आपल्यासारखे खेड्यातील, शेतात राबणारे लोक. उसाच्या सरीत वाकणारा, तंबाखूच्या रानात अनवाणी फिरणारा, खोपीत जमिनीवर अंथरूण टाकणारा, असा हा माणूस.

याच रोगात डॉक्टरांचे जुने शिक्षण किती बदलले आहे ते पाहा. पूर्वी दंशाच्या वर करकचून आवळपट्टी बांधीत, चिरा देऊन रक्त काढीत. आता दोन्ही वर्ज्य. हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी लावून हात वा पाय स्थिर ठेवायचा, धीर द्यायचा, रोग्याला चालू द्यायचे नाही आणि थेट दवाखाना गाठायचा. पूर्वी प्रतिलस टोचण्याआधी कातडीत थोडी टोचून तपासून पाहत. त्या तपासणीवरून पुढची रिॲक्शन कळत नाही असे दिसून आल्याने ती सोडून दिली आहे. आणि मूल लहान म्हणून त्याला प्रतिलस कमी देणे, ही तर घातक गोष्ट. साप मूल पाहून विष कमी सोडीत नाही. म्हणून मुलाची मात्रा मोठ्या माणसाएवढीच. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या एखाद्याला हे कोणी सांगितलेच नसेल तर?

काही गोष्टी तर फारच साध्या आहेत. घोणस चावली की रक्त गोठत नाही. हे ओळखण्यास मोठे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलविता ठेवायचे, मग आडवी करून पाहायचे. पातळच राहिले तर विष भिनले आहे. मात्र नळी प्लास्टिकची नको, आणि साबणाने धुतलेलीही नको, नाहीतर निकाल चुकतो. एवढी एक बाब सिस्टरला ठाऊक असणे वा नसणे, यावर एखाद्या घराचे दैव ठरते.

मण्यारीचे दुखणे याहून फसवे. ती रात्री झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात. घरचे म्हणतात, पित्त झाले. ज्याने हे शिकलेले आहे तो डॉक्टर पापण्यांकडे पाहतो आणि ओळखतो. श्वास मंद होऊ लागला तर रबरी फुगा हाताने दाबीत श्वास देऊन रोग्याला मोठ्या इस्पितळापर्यंत जिवंत नेता येते.

खरी अडचण भीतीची आहे. प्रतिलसीची रिॲक्शन येते, रोगी टेबलावर गेला तर नातेवाईक अंगावर येतील, या धास्तीने काही ठिकाणी लस कपाटात असूनही रोग्याला "पुढे न्या" म्हणतात. मग बेळगाव, नाहीतर कोल्हापूर. वाटेतच दोन तास जातात. रिॲक्शनवर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन मांडीत कसे व केव्हा द्यावे, हे ज्याने हाताने करून शिकले आहे त्याची धास्ती बरीच कमी होते. नातेवाइकांनीही हात आवरला तर उरलेलीही जाईल, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

प्रेषितांच्या कृत्यांत माल्टा बेटावरचा प्रसंग आपण ऐकला आहे. शेकोटीच्या काटक्यांतून साप निघून संत पौलाच्या हातास डसला. आता हा सुजेल किंवा एकाएकी पडेल, म्हणून लोक पाहत राहिले. तो प्रसंग लिहिणारा संत लूक स्वतः वैद्य होता, आणि सूज येणे व एकाएकी कोसळणे या दोन गोष्टी त्याने नेमक्या टिपल्या आहेत. पौलास काही झाले नाही, ही देवाची कृपा. पण तेवढ्यावरून कोणी लेकराला देवऋष्याकडे नेऊन बसवू नये.

कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा कळविणे बंधनकारक असलेला आजार ठरविला. दवाखाना सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दंश कळवावा लागतो. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. तीत डॉक्टर व आशाताई यांचे प्रशिक्षण आहे. आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट लागते. सूचनांचा कागद कन्नडमध्ये आणि घरातली भाषा मराठी, असे पुष्कळदा होते. आशाताईंनी शिकलेले घरोघर मराठीतही सांगावे. आपल्या धर्मभगिनींपैकी ज्या परिचारिका आहेत त्यांनी यात हातभार लावावा, अशी आमची विनंती आहे.

आणि आपण काय करावे? गावच्या आरोग्य समितीत बसणाऱ्यांनी हंगामापूर्वीच केंद्रात जाऊन विचारावे: प्रतिलस किती कुप्या आहे, मुदत केव्हा संपते, ॲड्रिनॅलिन आहे का, काचेची नळी आहे का, आणि सर्पदंशाचे प्रशिक्षण येथे कोणी घेतले आहे. हे विचारताना आवाज चढवू नये. "डॉक्टर ट्रेनिंगला गेल्यात" असे उत्तर मिळाले तर त्या दिवशी जवळचे दुसरे केंद्र कोणते, तेवढे लिहून घ्यावे आणि त्याखाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घालून कागद दारामागे चिकटवावा.