मानवतावादी हस्तक्षेप

मानवतावादी हस्तक्षेप म्हणजे एखाद्या देशात चाललेली सामूहिक कत्तल, वंशसंहार किंवा सक्तीचे विस्थापन थांबवण्यासाठी अन्य देशाने अथवा देशांच्या गटाने तेथील सरकारच्या संमतीविना केलेली लष्करी कारवाई होय. राज्याचे सार्वभौमत्व आणि माणसाचा जगण्याचा हक्क यांत संघर्ष आला, तर श्रेष्ठ कशाला मानावे, हा या संकल्पनेमागील मूळ प्रश्न आहे.

समर्थनाचा आधार

सार्वभौमत्व राज्याला प्रजेच्या रक्षणासाठी लाभलेले असते. ज्या राज्याचे सैन्यच प्रजेवर तुटून पडते, त्याला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येत नाही, असे समर्थक मानतात. निषेधाचे ठराव व आर्थिक निर्बंध यांचा परिणाम दिसण्यास महिने लागतात. तोवर बळींची संख्या वाढत राहते.

इ.स. १९९४ मध्ये रवांडात वंशसंहार सुरू झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सुमारे २,५०० शांतिसैनिक तेथे होते. सुरक्षा परिषदेने २१ एप्रिल रोजी त्यांची संख्या २७० पर्यंत घटवण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख लोक, मुख्यतः तुत्सी, मारले गेले. हस्तक्षेप न करणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

पूर्व पाकिस्तान, १९७१

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात दडपशाही आरंभली. पुढील काही महिन्यांत सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. ३ डिसेंबर रोजी पाकिस्तानने भारतीय विमानतळांवर हल्ले केल्यानंतर उघड युद्ध पेटले आणि १६ डिसेंबर रोजी पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात शरणागती पत्करली. दरम्यान ७ डिसेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युद्धबंदी व सैन्यमाघारीचे आवाहन करणारा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत केला होता.

भारताने आपल्या कृतीचे समर्थन प्रामुख्याने स्वसंरक्षणाच्या आधारे केले. त्यात भारताचे सामरिक हितही होते. मात्र मायकेल वॉल्झर या अमेरिकी विचारवंताने हे मानवतावादी हस्तक्षेपाचे उदाहरण मानले. त्यांच्या मते हेतू संमिश्र असले, तरी ते सारे एकाच कृतीकडे नेणारे होते.

आक्षेप

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) इतर देशांविरुद्ध बळाच्या वापरास मनाई करते. बलाढ्य राष्ट्रे मानवतेच्या नावाखाली स्वार्थ साधतात, असाही आरोप होतो. इ.स. २०११ मध्ये लिबियात नागरिकांच्या रक्षणासाठी सुरक्षा परिषदेच्या परवानगीने कारवाई झाली. मुअम्मर गद्दाफींची सत्ता गेली, पण देश पुढे यादवीत सापडला.

संरक्षणाची जबाबदारी

इ.स. २००१ मध्ये कॅनडाच्या पुढाकाराने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हस्तक्षेपासाठी न्याय्य कारण, शुद्ध हेतू, अन्य उपायांची समाप्ती, बळाचा प्रमाणशीर वापर, यशाची वाजवी शक्यता आणि योग्य अधिकारसत्ता या अटी सुचवल्या. इ.स. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने संरक्षणाच्या जबाबदारीचे तत्त्व स्वीकारले. बळाच्या वापराचा निर्णय मात्र सुरक्षा परिषदेच्या हाती ठेवला. त्यामुळे परिषदेतील एखाद्या कायम सदस्याने नकाराधिकार वापरल्यास संकटग्रस्तांचे रक्षण कोणी करावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे.