सीड एकच, आकडे वेगळे

एकाच सिम्युलेशनच्या दोन लॉग फाइल्स शेजारी शेजारी उघडल्या होत्या; एक इंटेल सर्व्हरवरची, दुसरी आर्म प्रोसेसरच्या मशीनवरची. कोड तोच, जीसीसी कंपायलर तोच, सीडही तोच. कोट्यवधी ओळी, शेवटचा एखादा अंक सोडला तर, जुळत होत्या. मग एका ओळीपासून पुढे काहीच जुळेना.

पहिला संशय यादृच्छिक संख्यांच्या जनरेटरवर गेला, पण तो निर्दोष होता. मर्सेन ट्विस्टर हा पूर्णांकांचा खेळ. शिफ्ट, एक्सऑर, अँड. त्यात प्रोसेसरने मनाचं करायला जागाच नाही. C++च्या मानकात त्याच्या 32 बिटी आवृत्तीचा, मूळ सीडने येणारा दहा हजारावा आकडाही लिहून ठेवलाय: 4123659995. दोन्ही मशीनवर तोच आला.

गडबड पुढच्या टप्प्यावर होती. नॉर्मल वितरणाचे आकडे काढायला आम्ही मार्साग्लियाची ध्रुवीय पद्धत वापरत होतो. दोन यादृच्छिक संख्या घ्यायच्या, त्यांच्या वर्गांची बेरीज 1 पेक्षा कमी असेल तर ठेवायच्या, नाहीतर टाकून नवी जोडी घ्यायची. साधारण 78.5 टक्के जोड्या टिकतात. आर्म 64 वर कंपायलर गुणाकार आणि बेरीज मिळून एकच एफएमए सूचना काढतो आणि उत्तर एकदाच राउंड होतं. साध्या x86-64 बिल्डमध्ये ते दोनदा होतं. फरक शेवटच्या बिटाचा. पण बेरीज अगदी 1 च्या काठावर पडली की एका मशीनवर जोडी टिकते, दुसऱ्यावर बाद होते. तिथून पुढे दुसरं मशीन कायम एक जोडी पुढे! डबलमध्ये हे घडणं जवळपास अशक्य; वेगासाठी सगळं फ्लोटमध्ये लिहिलेलं होतं, म्हणून पकडलं गेलं.

एफएमएचं हे जोडकाम बंद करणारा कंपायलरचा पर्याय लावला आणि फाइल्स पुन्हा एकत्र चालू लागल्या. (याच पद्धतीतल्या लॉगरिदमचा शेवटचा बिट गणिताच्या लायब्ररीवर ठरतो, ते वेगळंच दुखणं.)

असेच आणखी दोन सापळे आहेत. एकाच फंक्शनला दोन यादृच्छिक संख्या तिथल्या तिथे काढून थेट पाठवू नका. कुठली आधी काढायची हे C++ ठरवत नाही, कंपायलर ठरवतो. आणि मानक लायब्ररीतलं नॉर्मल वितरण वापरत असाल तर हेही लक्षात ठेवा: त्यामागचा अल्गोरिदम मानकाने ठरवलेलाच नाही. आकडे सगळीकडे सारखे हवे असतील, तर तेवढा भाग स्वतः लिहा.